दुधातल्या दशम्या

परवा माझी नात मोबाईल नाचवत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आजी, दशमीचं पीठ दुधात भिजवायचं असतं. तू पाण्यात का भिजवतेस? मग ती भाकरीच झाली की!" मी म्हटलं, "तुला खायचीय का वाद घालायचाय? खायची असंल तर ताट घे." पोरगी हसत ताट घेऊन बसली. लातूरला आमच्या दारात रोज सकाळी दुधाच्या दोन पिशव्या येऊन पडतात, दुधाला काही तोटा नाही. पण दशम्या करायला बसले की माझा हात दुधाकडं जात नाही. इतकी वर्षं झाली, जात नाही म्हणजे नाहीच. त्याचं कारण मी माझ्या नवऱ्यालाही कधी धड सांगितलं नव्हतं. आता ज्यांची लाज राखायची होती ती माणसं राहिली नाहीत, आणि माझे गुडघे रोज सांगून राहिलेत की बाई, काय सांगायचं ते आटप. म्हणून लिहायला बसले.

माझे वडील, म्हणजे आबा, पोलिसात ड्रायव्हर होते. लातूरला एका साहेबांची जीप त्यांच्याकडं आली, आणि साहेबांचा त्यांच्यावर असा विश्वास बसला की नांदेडला सगळ्यांच्या वरचे अधिकारी म्हणून जाताना त्यांनी आबांना मागून घेतलं. साहेबांची नोकरीची शेवटची दोनच वर्षं राहिली होती. बायको वारलेली, मुलगा परमुलखात, केस पांढरे, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागायचं. पोलीस लाईनीत त्यांचं नाव कुणी घेत नसे, 'मोठे साहेब' म्हटलं की झालं. आल्या आल्या त्यांनी पहिला हुकूम काढला तो चोरांवर नव्हे, आमच्या घरांवर. पोलिसाच्या घरची बाई बाजारात गेली की भाजीवाल्यानं पिशवी भरायची आणि बाईनं पुढं चालू लागायचं, ही पुष्कळ ठिकाणची जुनी रीत. साहेबांनी ती एका दिवसात बंद केली. "ज्याच्या घरात फुकटची मेथी शिजते त्याच्या हातात मी काठी देणार नाही," असं हजेरीत म्हणाले म्हणे. झालं! लाईनीतल्या बायका बोटं मोडायला लागल्या, आणि साहेबांवर मोडता येईनात म्हणून आमच्यावर. "आले बाई लातूरचे हरिश्चंद्र!" नळावर माझी घागर कुणीतरी पायानं मागं सरकवायचं. मी तेव्हा कॉलेजात नुकतंच नाव घातलेली, तोंडाची फटकळ, पण त्या नळावर मात्र गप उभी राहायची.

घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पहाटे बिगुल वाजायचा, मग मैदानावर बुटांचा आवाज, दुपारी उन्हानं पत्रे तडतडायचे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली आबांची वर्दीची खुंटी. आबांची एक शिस्त होती. साहेब कुठं जाणार, कशाला जाणार, हे घरात चकार शब्दानं काढायचं नाही. जीप दारासमोर थांबली की आईला एवढंच म्हणायचे, "पाण्यातलं कर," नाहीतर "दुधातलं कर." पाण्यातलं म्हणजे साधी भाकरी, जवळपासचं काम, दुपारपर्यंत परत. दुधातलं म्हणजे दशम्या. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी दोन दिवस मऊ राहते, म्हणजे लांबचा पल्ला, भोकरच्या पलीकडचं रान, परत कधी येणार त्याचा भरवसा नाही. डबा दोघांचा असायचा. साहेब बाहेरगावी कुणाच्या घरचं, कुणाच्या पैशाचं खात नसत. झाडाखाली जीप लावायची, बॉनेटवर फडकं पसरायचं, आणि साहेबानं अन् ड्रायव्हरनं एका डब्यातून जेवायचं. आईला याचा केवढा अभिमान! "साहेब चटणी मागून खातेत," असं ती स्वतःशीच बोलायची आणि शेंगदाणे आणखी मूठभर कुटायची.

आमचं सकाळचं दूध चहातच संपायचं. म्हणून दशम्या करायच्या असल्या की संध्याकाळी चरवी घेऊन मी शेजारच्या शकुंतलाकाकूकडं पळायची. तिनं लाईनीच्या मागं म्हैस बांधली होती. तिचा नवरा जमादार, गुन्हेगारांच्या मागावर राहणाऱ्या शाखेतला जुना माणूस, हसऱ्या चेहऱ्याचा, सदा पान खाल्लेला. त्यांना मूलबाळ नव्हतं. नळावर सगळ्यांनी माझ्याकडं पाठ फिरवली होती तेव्हा पहिल्यांदा बोलली ती काकू. "बया गं, काय हे केसं! लातुरात तेल मिळत न्हाई का?" असं म्हणून तिनं मला हाताला धरून उंबऱ्यात बसवलं आणि वेणी घातली. मग ते दर रविवारचंच झालं. दूध घालताना ती माप भरायची आणि वर एक धार सोडायची, म्हणायची, "ही तुझी." अधूनमधून भोकरकडच्या माहेराहून तिचा धाकटा भाऊ यायचा, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. तरणाताठा माणूस, डोळे उघडे, पण दिसत काही नसे. "तापात गेले डोळे," काकू म्हणायची आणि विषय बदलायची. तो आला की जमादारकाका घरात थांबत नसत, फटफटीला किक मारून निघून जायचे. त्या फटफटीला तीन किका लागायच्या. दोनदा नुसती खोकायची, तिसऱ्यांदा धडधडायची. पुऱ्या लाईनीला तो आवाज पाठ होता.

त्या वर्षी भोकरच्या पलीकडच्या एका वस्तीवर विषारी दारू पिऊन माणसं मेली. आबा घरात कामाचं बोलत नसत, पण त्या दिवशी अंगण ओलांडायच्या आधीच म्हणाले, "एका घरात रडायलाबी कुणी उरलं न्हाई." दारू कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक ठेकेदार होता, सणासुदीच्या वर्गणीत त्याचं नाव सगळ्यात वर, आणि कुठल्याही कचेरीत गेला तरी त्याच्यासाठी खुर्ची रिकामी व्हायची. साहेबांनी त्याचा पिच्छा धरला. आणि तिथून आमच्या घरावर काहीतरी येऊन बसलं. आबा रोज सकाळी जीप चालू करायच्या आधी तिच्याखाली पाठीवर झोपून बघायला लागले, कारण एकदा ब्रेकचं तेल जमिनीवर सांडलेलं सापडलं होतं. साहेबांच्या बंगल्यावरचा फोन वाजायचा, उचलला की पलीकडं कुणी बोलत नसे, फक्त श्वास ऐकू यायचा. आईनं विचारलं, "आवो, काय चाललंय काय?" तर आबा म्हणाले, "तू भाकरी थाप."

छापे रिकामे जात होते, हे मला पुढं कळलं. रानातल्या शेडवर साहेब पोचायचे तेव्हा चुली गरम असायच्या, जमिनीवर पिंपांचे ओले गोल डाग असायचे, आणि माणूस एकही नसायचा. एकदा तसं झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या वेळी शेडच्या मधोमध एक खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यावर बशी झाकलेला चहाचा कप. चहा अजून कढत होता. कुणीतरी साहेबांची वाट बघून, आत्ताच उठून गेल्यासारखं. साहेबांनी तो कप स्वतःच्या हातानं बाहेर ओतला म्हणे, आणि पंचनाम्यात लिहायला लावला. चौथ्या वेळी कप नव्हता, ताट होतं. त्यात दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. साहेबांनी ताटाकडं बघितलं, मग आबांच्या हातातल्या डब्याकडं, मग आबांच्या तोंडाकडं. दुसऱ्या दिवशी जीपची किल्ली दुसऱ्या ड्रायव्हरकडं गेली आणि आबांना नुसतं हजेरीपुरतं बसवून ठेवलं.

तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली ती केवळ पेटवायची म्हणून. आबा भिंतीला टेकून बसायचे. लाईनीतून जाणारी येणारी मुद्दाम आत डोकावायची, "काय नामदेवराव, तब्येत बरी न्हाई का?" आणि पुढं जाऊन हसायची. आतल्या आत माझा असा संताप व्हायचा की एकेकीच्या झिंज्या उपटाव्यात. तिसऱ्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा आबा आपण होऊन बोलले. कप, ताट, सगळं सांगितलं. म्हणाले, "माझ्या डब्यातलं त्या लोकांच्या ताटात गेलं कसं? मी कुणापाशी बोललो न्हाई. तू बोललीस का?" आईनं फोटोकडं हात केला, "बाबासाहेबांची आण, दाराबाहेर शब्द न्हाई." आबांचा आवाज फाटला. "चौकशी लागंल. नोकरी गेली तर जाऊ दे, मोंढ्यात हमाली करीन. पण त्या माणसाला वाटून राहिलंय की मी इकलो गेलो. आता कुठल्या तोंडानं जगू?" माझ्या बापाला मी रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

नेमकी त्याच वेळी शेजारी फटफटी खोकली. दोनदा. तिसऱ्यांदा धडधडली आणि लाईनीबाहेर निघून गेली. माझे हात पिठातच राहिले. मला एकेक संध्याकाळ आठवायला लागली. मी चरवी घेऊन यायची, आई काटवटीत दूध ओतायची, आणि तिचं पीठ मळून होतंय न होतंय तोवर बाहेर हाच आवाज यायचा. दर वेळी. एरवी फटफटी वाटेल तेव्हा जायची, पण दशम्यांच्या दिवशी कधी चुकली नाही. तो दिवस तिथं कळायचा, कारण साध्या भाकरीच्या दिवशी मी दूध मागायला गेलेलीच नसायची. जमादारकाका बाजेवर बसून हसत म्हणायचे, "काय चंदे, दशम्या का?" आणि मी, शहाणी, मोठ्यानं म्हणायची, "हाव काका!" आबांनी आयुष्यभर तोंड शिवून घेतलं होतं, आणि मी चरवी हलवत पूर्ण लाईनीला सांगत सुटले होते की उद्या साहेब भोकरच्या रानात निघालेत.

आबांना सांगितलं असतं तर त्यांनी उठून जमादाराची गचांडी धरली असती, आणि आगीत आणखी तेल पडलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाते म्हणून निघाले आणि थेट बंगल्यावर गेले. फाटकावरच्या पोलिसानं हटकलं तर म्हटलं, "नामदेव ड्रायव्हरची मुलगी आलीय म्हणून सांगा." साहेब व्हरांड्यात बसून वर्दीच्या शर्टाला गुंडी लावत होते. सुईत दोरा जात नव्हता. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नामदेवनं पाठवलं?" मी म्हटलं, "न्हाई साहेब. त्यांना मालूम न्हाई. खबर माझ्यामुळं फुटली." मग त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं, दुधातलं, पाण्यातलं, चरवी, तीन किका. ऐकताना ते सुई हातात धरूनच बसले होते. शेवटी मीच ती घेतली, दोरा ओवून दिला.

"नामदेववर मला संशय आला का, हे तू विचारत नाहीस," ते म्हणाले. "आला होता. तीन रात्री मी झोपलो नाही, पण संशय आला होता. याची मला लाज वाटते, हे त्याला मी स्वतः सांगेन. पण आज नाही." मग त्यांनी विचारलं, "जमादाराच्या बायकोला हे माहीत आहे?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "न्हाई, न्हाई साहेब! काकू लई चांगली हाय." त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. गुंडी लावून झाली, दोरा दातानं तोडला, आणि म्हणाले, "परवा नामदेवला जीप परत देतो. सगळ्यांसमोर देतो. संध्याकाळी तो तुझ्या आईला सांगेल, दुधातलं कर. तू नेहमीसारखी चरवी घेऊन जायचंस. घरात कुणाला सांगायचं नाही. जमेल?" मी मान हलवली. फाटकाबाहेर येऊन उभी राहिले. आबांना सोडवायचं म्हणजे काकूचं घर मोडायचं, हे मला तिथं, त्या रस्त्यावर उभं राहून पहिल्यांदा लख्ख कळलं. मागं फिरावं असं वाटलं. फिरले नाही.

परवाची संध्याकाळ येऊच नये असं वाटत होतं. आबा जीप घेऊन आले तेव्हा आईच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवेना. "दुधातलं कर," आबा म्हणाले, आवाजात तीच जुनी मिजास. मी चरवी उचलली. काकू म्हशीखाली बसली होती. काका बाजेवर. "काय चंदे, आबाला जीप मिळाली म्हण की परत. साहेबाचं मन मोठं बाबा! दशम्या का?" मी म्हटलं, "हाव काका." काकूनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग माप भरलं, वर धार सोडली. "ही तुझी," म्हणाली. मी वळले तर मागं काका उठले, "पान खाऊन येतो गं." एक किक. दुसरी. तिसरी, आणि फटफटी चालूच झाली नाही. मला वाटलं, नकोच व्हायला. देवा, नकोच. काकू म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. चौथ्या किकेला फटफटी धडधडली आणि काका गेले.

आईनं तव्यावर पहिली दशमी टाकली तोच दारात उभ्या जीपचा हॉर्न वाजला, साहेब स्वतःच येऊन बसले होते. एरवी पहाटे निघणारे साहेब त्या दिवशी दिवेलागणीलाच निघाले होते. आबा डबा न घेताच पळाले. "अगं बाई, दशम्या तर राहिल्या!" आई दारात उभी राहून ओरडली. साहेबांनी लातूरहून आपली जुनी, खात्रीची माणसं बोलावली होती. फेटे बांधून, लग्नाचं वऱ्हाड म्हणून ती एस.टी.नं येऊन नांदेडात उतरली होती. त्यातल्या दोघांनी काकांना पानाच्या टपरीवर ठेकेदाराच्या माणसाशी कुजबुजताना बघितलं, ओळखून ठेवलं आणि निरोप जाऊ दिला. साहेब रानाकडं फिरकलेच नाहीत. निरोप मिळाला की शेडमधला माल हलणार आणि मुदखेडच्या रस्त्यानंच जाणार, असा त्यांचा अंदाज. मुदखेडचं रेल्वे फाटक मालगाडीसाठी बंद होतं, पिंपांनी भरलेला ट्रक गजापाशी येऊन थांबला, आणि वऱ्हाडी मंडळी दोन्ही बाजूंनी चढली. सकाळी उन्हं वर आल्यावर आबा परतले. दारातच खाली बसले, म्हणाले, "चंदे, दशम्या हायत का गं?" आणि एकामागून एक चार खाल्ल्या. साहेबांनी रस्त्यात जीप थांबवून त्यांची माफी मागितली होती. 

जमादारकाकांना त्याच सकाळी घरातून नेलं. चौकशीत ते म्हणाले म्हणे, "मी काय केलं? मी फक्त एवढंच सांगायचो, की उद्या दशम्या हायत." ते ताट मांडायची मस्करी ठेकेदाराच्या माणसांची, आणि तीच त्यांना नडली. पण फार खूश होऊ नका. ठेकेदार थोड्याच दिवसांत जामिनावर सुटला, पुढच्या वर्गणीत त्याचं नाव पुन्हा सगळ्यात वर होतं. आणि साहेबांची बदली झाली, पावसाळा संपायच्या आत, कुठल्याशा बिनकामाच्या खुर्चीवर. जाताना ते आमच्याकडं जेवायला आले. आईनं दशम्या केल्या होत्या. मी त्या दिवशी दूध आणायला गेले नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

काकूला खोल्या सोडायचा हुकूम आला. म्हैस विकली, भांडी पोत्यात भरली. नळावर आता तिची घागर मागं सरकायला लागली होती. मी तिच्यासमोर जायचं टाळत होते. निघायच्या दिवशी तिनंच हाक मारली, "चंदे, ये. एकदा वेणी घालते." रिकाम्या खोलीत उंबऱ्यापाशी मी बसले, ती मागं. तेल थंड होतं. बराच वेळ ती नुसती केस विंचरत राहिली. मग म्हणाली, "दर येळी तू चरवी घेऊन पळत यायचीस. त्या दिवशी चालत आलीस."

मी मागं वळायला लागले तर तिनं डोकं धरून सरळ केलं. "वळू नको." मी कसंबसं विचारलं, "काकू, तुला कळलं होतं? मग काकांला अडवलं का न्हाई?"

तिचे हात थांबले नाहीत. पेड घालतच राहिली. "माझ्या भावाचे डोळे तापात न्हाई गेले. त्याच दारूत गेले. तो येतो तवा उंबऱ्यातच इचारतो, 'अक्का, दाजी हायत का घरात?' अन् मी दर येळी म्हणते, न्हाईत बाबा, कामाला गेलेत." तिनं शेवटचा पेड ओढला. "फटफटीचा आवाज त्यालाबी ऐकू येतो गं."

मग तिनं रिबिनीची गाठ मारली. इतकी घट्ट, की संध्याकाळी आईलाही ती सुटेना, शेवटी कात्रीनं कापावी लागली.